मायन्यातलं ‘सौ.’

नाशिकरोड
१२ जानेवारी २०२५

सौ. अंजली हिरामण केदारे हिला,
अश्विनचे सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आप्पांना जाऊन या महिन्यात बारा वर्षं झाली. फोन असला तरी भावंडांनी महिन्याला एक पत्र लिहायचं, हा त्यांचा नियम मी अजून पाळतो. तू पाळत नाहीस. नोव्हेंबरच्या आणि डिसेंबरच्या पत्राला तुझं उत्तर नाही. एकलहऱ्याला ठेकेदाराच्या कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळतो आहे. एका बाजूने जावक होते आणि दुसऱ्या बाजूने आवक होत नाही, हे माझ्या लगेच लक्षात येतं.

मुख्य बातमी आमच्या आरोहीची. तिचं जमत आलं आहे. मुलगा सिडकोत राहतो, बँकेत आहे. माणसं समाजातलीच, शिकलेली, चौकस. त्यांनी काका, मामा, आत्या सगळे विचारून घेतले. मी सांगितलं, आत्या पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, आत्याचे यजमान मनमाडला असतात, कामामुळे दोघं दोन ठिकाणी. साखरपुडा मार्चअखेर. हिरामणराव येतो म्हणाले आहेत. तू त्यांच्या शेजारी बसायचं, इतकंच. दोन तासांचा प्रश्न आहे.

दुसरं. घरकुलाच्या यादीसाठी तू कसलासा दाखला मागितल्याचं कानावर आलं. परित्यक्ता असल्याचा. म्हणजे नवऱ्याने टाकलेली बाई. पगाऱ्यांच्या घरातली मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःला टाकलेली लिहून देते, हे आप्पांनी पाहिलं नाही ते बरं. अर्ज मागे घे.

तुझी हर्षालीवहिनी आठवण काढते. त्या थंड खोलीत स्वेटर घालून उभी राहत जा. दरवर्षी खोकतेस आणि दरवर्षी मला कळवत नाहीस.

उत्तर पत्रानेच द्यावे. लोभ आहे, तो टिकेल असे वागावे.

तुझा भाऊ,
अश्विन


पिंपळगाव बसवंत
१९ जानेवारी २०२५

ती. भाऊस,
अंजलीचा जयभीम. वि. वि.

मी सुपरवायझर नाही. टेबलाशी उभी राहून कात्रीने घडातले खराब मणी काढते. डोक्याला टोपी, हातात मोजे. मुलाकडच्यांना काय सांगायचं ते तू ठरव. तुला तरी माहीत असावं म्हणून लिहिलं.

दाखल्याचं तुला कुणी सांगितलं ते कळलं. चौकशीसाठी तलाठी भाऊसाहेबांनी फक्त हिरामणला फोन केला होता. म्हणजे तुमचं दोघांचं बोलणं होतं. मला बारा वर्षांत त्याचा एक फोन नाही.

आता ऐक. मी राहते ती पत्र्याची खोली शेठची आहे. हंगाम संपला की ती पाडून तिथे कोल्ड स्टोरेज वाढवणार आहेत. शेठ चांगल्या शब्दांत बोलले, पण मे महिन्यात खोली रिकामी पाहिजे हेच बोलले. एकट्या बायकांच्या घरकुलाची यादी एकतीस मार्चला बंद होते. दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. दहा वर्षं मी इथली रहिवासी आहे, आणि नवरा मला सांभाळत नाही. माझ्या आधारवर अजून मनमाडचा पत्ता आहे. भाड्याची पावती शेठने कधी दिली नाही. मग रहिवासाचा पुरावा म्हणून मी तुझी पत्रं लावली. मार्च २०१३ पासून गेल्या नोव्हेंबरपर्यंत, एकशे एकेचाळीस. प्रत्येकावर पिंपळगावचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का. भाऊसाहेब म्हणाले, असा पुरावा मी नोकरीत पाहिला नाही. मला तुझा अभिमान वाटला. चार दिवस टिकला.

नामंजुरीचा कागद आला. त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहिते. ‘अर्जदाराने सादर केलेल्या पत्रांमध्ये अर्जदाराचा उल्लेख सर्वत्र सौ. असा असून सदर पत्रे अर्जदाराच्या सख्ख्या भावाने लिहिलेली आहेत. सबब अर्जदार परित्यक्ता असल्याचे सिद्ध होत नाही.’

रहिवास सिद्ध झाला. नवराही सिद्ध झाला. माझ्या टेबलावरच्या भागीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई, तुझ्या भावाने तर तुला पोस्टाने नांदवली. सगळं टेबल हसलं. मीही हसले.

घरी येऊन आप्पांच्या पेटीतली त्याआधीची पत्रं काढली. आप्पा पाकिटावर सगळ्यांना ‘आयु.’ लिहायचे, बाप्याला आयुष्मान, बाईला आयुष्मती. तुला आयु., मला आयु., आईलाही आयु. ते म्हणायचे, सौ. दुसऱ्याच्या जिवावर असतं, आयु. आपल्या. तूही आयु.च लिहायचास. मनमाडला मी नांदत होते तेव्हाची तुझी सगळी पत्रं ‘आयु. अंजली’ अशी आहेत. हिरामणने मला फेब्रुवारी २०१३ मध्ये घराबाहेर काढलं. मार्चच्या पत्रापासून सौ. सुरू होतं. नांदत होते तोवर आयु. होते, टाकल्यावर सौ. झाले. हे बारा वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही. कचेरीच्या ध्यानात आलं.

मला तुझा एक जबाब पाहिजे. अंजली ही माझी बहीण २०१३ पासून एकटी राहते, तिचा नवरा तिला सांभाळत नाही, आणि मी तिला सवयीने सौ. लिहीत आलो. खाली सही. चार ओळींच्या वर जायचं कारण नाही.

स्वेटर घालते. लोभाचं मागून बघू, जबाब आधी पाठवावा.

अंजली


नाशिकरोड
२७ जानेवारी २०२५

सौ. अंजली हिरामण केदारे हिला,
सप्रेम जयभीम. वि. वि.

‘सौ.’खाली दोन रेघा आहेत. पेन घसरलं नाही.

तू घरातली पत्रं कचेरीत लावलीस. एकशे एकेचाळीस. त्यांत हर्षालीच्या आणि आईच्या भांडणाचं आहे, माझ्या बढतीचं आहे, माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचं आहे. हे सगळं आता पिन मारून, पाननंबर घालून एका तलाठ्याच्या कपाटात आहे. बहिणीने भावावर इतका विश्वास दाखवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

जबाब मिळणार नाही. जबाब म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. तुला वाटतं चार ओळी आणि सही. मी रोज कागद फिरवतो. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरं, आणि लोक दोन्ही विसरतात. कागद विसरत नाही. आज तू टाकलेली आहेस असं मी लिहून दिलं की आरोही टाकलेल्या बाईची भाची होते. ते सासरचे लोक कागद शोधणारे आहेत. शिवाय मी यंदा कॉलनीच्या जयंती समितीचा अध्यक्ष आहे. चार माणसं माझ्याकडे बघतात.

या योजना ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी असतात. तुला मी आहे. आमची मागची गॅलरी मी स्लायडिंग लावून बंद करून घेतली आहे. वॉशिंग मशीन एका कडेला सरकवलं तर एक माणूस पाय लांब करून झोपू शकतो. मे महिन्यात खोली गेली तर ये. हर्षालीला मी विचारून ठेवतो.

आयु.चं म्हणशील तर आप्पांच्या काळी ते चाललं. आप्पांना कुणाला जावई दाखवायचे नव्हते.

साखरपुडा तेवीस मार्चला, रविवारी. निळी साडी नेस. लोभ तुझ्या हातात.

अश्विन


पिंपळगाव बसवंत
४ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस,
जयभीम. वि. वि.

‘तुला मी आहे’ हे वाक्य मी भागीबाईला वाचून दाखवलं नाही. टेबलावर माल होता, हसताना कात्री लागली असती.

मूळव्याधीचं पान मी लाजेखातर काढून ठेवलं होतं. तलाठ्याने ते वाचलेलं नाही. आता अपिलाला लावू का, एवढं कळव.

होय, मी अपील केलं आहे. तू लहानपणी म्हणायचास, कायदा शहाण्या माणसांसाठी असतो. सेतू केंद्रातल्या मुलीने मला राज्याचा सेवा हक्काचा कायदा समजावला. दाखला मागितला की ठरलेल्या दिवसांत द्यायचा, नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यायचं, आणि कारण पटलं नाही तर वरच्या साहेबाकडे जायचं. मला तो कायदा आवडला. त्यात कारण लिहून द्यावं लागतं. तू एवढी वर्षं मला कारण न सांगता नाही म्हणत आलास. आप्पांच्या घराच्या हक्कसोडीवर माझी सही घेतलीस तेव्हाही कारण सांगितलं नव्हतंस. सौ. तिथेही होतं. तू टाईप करून आणलं होतंस.

सुनावणी सत्तावीस फेब्रुवारीला आहे.

साखरपुड्याला हिरामणच्या शेजारी मी बसणार नाही. त्याच्या शेजारी बसणारी बाई मनमाडला आहे. लताबाई तिचं नाव, दोन मुलं आहेत. तिला बोलाव. निळी साडी तिला जास्त शोभेल. आरोहीचं चांगलं व्हावं असं मला वाटतं, हे खरं आहे. तिला कमी मार्क मिळाले तेव्हा तिने पहिला फोन मला केला होता. पण तिचं लग्न माझ्या खोट्यावर उभं राहणार असेल तर ते माझ्या खोलीइतकंच टिकेल.

गॅलरीत वॉशिंग मशीनच राहू दे. ते आधी आलं आहे.

जबाब सत्तावीसच्या आत पोचावा. बाकी काही मागत नाही, लोभही नाही.

अंजली


नाशिकरोड
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. अंजली हिरामण केदारे हिला,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू हट्टी आहेस. मी मोठा आहे, म्हणून मार्ग मीच काढला.

सोबतच्या पाकिटात अकरा पत्रं आहेत. २०१४ ते २०२४, वर्षाला एक. सगळीकडे ‘श्रीमती अंजली’ लिहिलं आहे. मजकूर साधा, घरगुती, कुणाला आक्षेप घेता येणार नाही असा. हर्षालीला तीन रात्री वाटलं मी ऑफिसचं काम घरी आणलं. जुनी आंतर्देशीय पत्रं कपाटात पडून होती, ती वापरली. पहिल्या चार पत्रांना निळी शाई आहे, पुढे मी काळी वापरत होतो, तेही पाळलं आहे. २०१९ मध्ये माझा हात मोडला होता. त्या वर्षीचं अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. इतकं बारकाईने कुणी कुणासाठी करत नाही.

जुनी पत्रं परत माग आणि ही लाव. तुझं काम होईल. मला जबाब द्यावा लागणार नाही, माझं नाव कुठे येणार नाही. हिरामणरावांनाही कळायचं कारण नाही.

आता तरी साखरपुड्याला ये. तोंड हसरं ठेवावं, लोभ आपोआप वाढतो.

अश्विन

ता. क. हे पत्र वाचून फाडून टाक.


पिंपळगाव बसवंत
२ मार्च २०२५

श्री. अश्विन कोंडाजी पगारे यांस,
जयभीम.

आपले दि. १२ फेब्रुवारीचे पत्र व सोबतची अकरा पत्रं मिळाली. अकरा परत पाठवत आहे. २०१४ च्या पत्रात आरोहीचे बारावीचे मार्क आहेत. तेव्हा ती सातवीत होती. एकाही पत्रावर पोस्टाचा शिक्का नाही. शाई मात्र बरोबर आहे.

सत्तावीस तारखेला सुनावणी झाली. अपिलाच्या साहेबांनी फाईल वाचली, सौ.वर थोडं हसले, म्हणाले, हे कारण टिकणार नाही. मला बरं वाटलं. मग त्यांनी माझा आधार नंबर कॉम्प्युटरवर टाकला. यादीत घालण्याआधी टाकावाच लागतो. त्यांनी नंबर पुन्हा तपासला. मग पडदा माझ्याकडे फिरवला.

मला घर मिळून चार वर्षं झाली आहेत. मनमाडला. अंजली हिरामण केदारे, पती-पत्नी दोघांच्या नावे, २०२१ मध्ये मंजूर, स्लॅब पडला, नळ आहे. माझा नंबर, माझं नाव, फोटो लताबाईचा. तिने डोक्यावर पदर घेतला आहे. मी पदर घेत नाही. फोटोखाली लिहिलं आहे की सदर महिलेस मी व्यक्तिशः ओळखतो, ती माझी सख्खी बहीण आहे. त्याखाली सही आहे.

साहेबांनी विचारलं, या तुम्ही का? मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, मग ही सही कुणाची? ती सही मी एकशे एकेचाळीस पत्रांखाली पाहिली आहे. पगारेमधल्या ‘रे’ची मात्रा आपण नेहमी जास्त लांब ओढता. साहेबांच्या समोरच्या फाईलमध्येही ती एकशे एकेचाळीस वेळा होती. त्यांनी पान उलटलं आणि स्वतःच पाहिली.

एका कुटुंबाला एकच घर. मला ते मिळालेलं आहे. मला कळवायचं तेवढं राहून गेलं. आवक-जावकच्या माणसाकडून एवढी जावक कशी राहिली?

आता सौ.चा अर्थ लागला. मला इतकी वर्षं वाटलं, लाज वाटते म्हणून आपण लिहिता. लाज नव्हती. सुरुवातीला असेलही. २०२१ नंतर ती नोंद होती. मी सौ. राहिले तरच मनमाडचं घर खरं राहतं. दर महिन्याला आपण पिंपळगावच्या पत्त्यावर मनमाडची पावती पाठवत होतात.

हुकूम राखून ठेवला आहे. साहेबांनी मला वीस दिवस दिले आहेत. जबाब आता मी मागत नाही. आपल्याला तो जमणार नाही. आप्पा वयाच्या सोळाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात लिहायला शिकले आणि मेले तोवर खोटं अक्षर त्यांनी काढलं नाही. आपल्याला शाई जुळवता येते, हात मोडल्याचं अक्षर काढता येतं. स्वतःच्या मनातलं एक खरं वाक्य तेवढं लिहिता येत नाही. मी पैज लावते, येणार नाही.

चौदा एप्रिलला आपण कॉलनीच्या मंचावर अध्यक्षांच्या खुर्चीत बसाल. मी खाली पहिल्या रांगेत असेन. बायकांच्या हक्कांवर आपलं भाषण झालं की मी हात वर करीन.

साखरपुड्याला मी येणार नाही. आपल्या लोभाची गरज उरली नाही.

अंजली कोंडाजी पगारे


नाशिकरोड
९ मार्च २०२५
रजिस्टर ए.डी.

श्रीमती अंजली कोंडाजी पगारे,

तुला हाच मायना पाहिजे होता. घे. पाकिटावरही हाच आहे. जयभीम लिहीत नाही.

मला लिहिता येत नाही म्हणतेस. मग वाच.

आप्पा जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, अंजीचं घर मोडू देऊ नको. तू तेव्हा मनमाडला होतीस. महिन्याने हिरामणने तुला बाहेर काढलं. तुझी ट्रंक त्याने रस्त्यावर ठेवली आणि जीपवाल्याला माझा पत्ता दिला. मी त्याच्या पाया पडलो. हे तुला माहीत नाही. तीन वेळा मनमाडला जाऊन मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, बघू. लताबाई तेव्हा आधीच त्याच्या घरात होती. तिने मला चहा दिला. परत येताना मी तुला पत्र लिहिलं आणि पहिल्यांदा सौ. लिहिलं. मला वाटलं, मी लिहीत राहिलो तर ते खरं राहील. तू याला लाज म्हण, नाहीतर नोंद म्हण.

२०२१ मध्ये त्याचा फोन आला. घरकुल पत्नीच्या नावाशिवाय होत नव्हतं आणि लग्नाची नोंद तुझ्याशी होती. तो म्हणाला, नाव अंजलीचं लावतो, उद्या तिचा मुद्दा निघाला तर घर तिचंच आहे. मी गेलो. फोटो पाहिला. तो तुझा नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी सही केली. माझ्या डोक्यात एवढंच होतं की कागदावर तरी तुझं घर झालं. आप्पांना मी काहीतरी करून दाखवलं. आणि हो, हिरामणने त्या दिवशी शब्द दिला की आरोहीच्या लग्नात तो तुझा नवरा म्हणून उभा राहील. तेही माझ्या डोक्यात होतं. दोन्ही होतं. तुझ्यासारखं मला एकेक गोष्ट वेगळी काढता येत नाही.

बारा वर्षं तू एकटी राहिलीस, त्याने तुला एक दाणा दिला नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. मीही काही दिलं नाही, तेही ठाऊक होतं. महिन्याला एक पत्र दिलं. त्याचा तू पुरावा केलास.

तू चौदा एप्रिलला येऊ नकोस. मी समितीचा राजीनामा दिला आहे. मुलाकडच्यांना हिरामणबद्दल मी काल सांगितलं. ते आरोहीशी बोलू म्हणाले. अजून फोन नाही. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. हे सगळं तुझ्या एका पत्र्याच्या खोलीसाठी.

यापुढे हे तुझं माहेर नाही. आप्पांचा महिन्याच्या पत्राचा नियम मी आज मोडत आहे. हे पत्र तुला पोचल्याची पोस्टाची पावती माझ्याकडे येईल, म्हणजे तुला ‘मिळालं नाही’ म्हणता येणार नाही.

अश्विन कोंडाजी पगारे


पिंपळगाव बसवंत
२८ मार्च २०२५

आयु. अश्विन यास,
आयु. अंजलीचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र अकरा तारखेला मिळालं. पोस्टमनने सही घेतली. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ प्रत पाकिटासकट अपिलात लावली.

एक गोष्ट मी तुला मुद्दाम कळवली नव्हती. सुनावणीच्या दिवशी साहेब म्हणाले होते, भावाच्या पत्रांवरून तुमचा अर्ज फेटाळला गेला, तर भावाच्या पत्रावरून तो मंजूरही होऊ शकतो. फक्त पत्र त्याच्या हातचं पाहिजे आणि शिक्का पोस्टाचा पाहिजे. मी म्हटलं, जबाब तो देणार नाही. त्यांनी विचारलं, मग? मी म्हटलं, तो रागावला की लिहितो. माझं दोन तारखेचं पत्र मी तीनदा लिहून काढलं. पैज त्यासाठी होती. रजिस्टर करशील असं मात्र वाटलं नव्हतं. ते तू स्वतःहून केलंस.

काल हुकूम झाला. दाखला मिळाला. मनमाडच्या घरावरचं माझं नाव कमी करण्यासाठी तिकडे लिहिलं आहे, आणि त्या निकालावर अवलंबून माझं नाव इथल्या यादीत घातलं आहे. यादी बंद व्हायला चार दिवस होते. तुला चौकशीची नोटीस येईल. खरं सांगितलंस म्हणून येणार नाही असं नाही. साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा सावकाश. मग सौ.च्या कागदावर लाल रेघ मारली.

पाया पडल्याचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी त्या दिवशी कामावर गेले नाही. पण पाया पडून आलास आणि मला सांगितलं नाहीस, यात माझा काय उपयोग झाला ते मला अजून कळलेलं नाही. ते सांगितलं असतंस तर मी बारा वर्षं हिरामणची वाट तरी पाहिली नसती. होय, पाहत होते. दर महिन्याला पाकिटावर सौ. यायचं आणि मला वाटायचं, भाऊला काहीतरी माहीत असणार.

आरोहीचा परवा फोन आला होता. तेवीसचा साखरपुडा झाला नाही, हे तिच्याकडून कळलं. मुलगा तिला भेटून गेला. काय ठरलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचं ती तुला सांगेल. पत्रिका निघालीच तर माझं नाव घालायची सक्ती नाही. घातलंस तर नावाआधी आयु. लिही. तुझंही तेच आहे, तुला वेगळं शोधावं लागणार नाही.

तू नियम मोडलास, मी मोडत नाही. एप्रिलचं पत्र वेळेवर येईल. उत्तर नाही आलं तरी चालेल, मला त्याची सवय नाही पण होईल. मे महिन्यानंतर पत्ता बदलेल. नवा पत्ता कळला की पहिली जावक तुझ्या नावाने करीन.

लोभ राहो न राहो, पोच द्यावी.

अंजली